पुरस्कारविजेतं पार्श्वसंगीत खरंच सर्वोत्तम असतं का? घरी पडताळून पाहायची पद्धत

आल्फ्रेड हिचकॉकच्या 'सायको'ला (१९६०) ऑस्करची चार नामांकनं मिळाली: दिग्दर्शन, सहायक अभिनेत्री, कृष्णधवल छायाचित्रण आणि कलादिग्दर्शन. संगीताचं एकही नाही. बर्नार्ड हरमननं फक्त तंतुवाद्यांवर उभं केलेलं ते संगीत आज जगभर अभ्यासलं जातं. न्हाणीघरातल्या प्रसंगातल्या व्हायोलिनच्या किंकाळ्या तर सिनेमा न पाहिलेल्यांनाही ठाऊक असतात. याच जोडीच्या 'व्हर्टिगो'लाही (१९५८) संगीताचं नामांकन नव्हतं. हरमनला आयुष्यात एकच ऑस्कर मिळालं, ते १९४१च्या 'ऑल दॅट मनी कॅन बाय'साठी. त्या वर्षी त्याचंच 'सिटिझन केन'ही स्पर्धेत होतं.

अशी उदाहरणं पाहून "पुरस्कारांचं काही खरं नाही" असं म्हणून टाकणं सोपं आहे. पण तसं म्हणायचं तर आधी ऐकायला हवं, आणि पार्श्वसंगीत ऐकायची सवय आपल्याला नसते. बरंचसं पार्श्वसंगीत कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानंच लिहिलेलं असतं. खालची पद्धत एका वर्षाच्या पाच नामांकनांसाठी आहे. दर सिनेमाला दोन संध्याकाळी धरल्या तर दहा संध्याकाळी लागतील. वही, स्टॉपवॉच, बरे हेडफोन किंवा दोन स्पीकर आणि फोनमध्ये आवाजाची पातळी मोजणारं एखादं ॲप एवढं जवळ असू द्या.

आधी पुरस्काराचं नाव नीट वाचा

निम्मे वाद इथेच मिटतात. 'संगीत' या एका शब्दाखाली गाणी आणि पार्श्वसंगीत ही दोन वेगळी कामं येतात, आणि कोणत्या वर्षी कोणता पुरस्कार नेमका कशाला होता हे बदलत गेलेलं आहे.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, पण संगीत दिग्दर्शनाचा पुरस्कार आला १९६७च्या सिनेमांपासून. म्हणजे 'पथेर पांचाली'ला (१९५५) सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवणाऱ्यांकडे रविशंकरांच्या संगीताला द्यायला पुरस्कारच नव्हता. पुढे अधूनमधून गाणी आणि पार्श्वसंगीत वेगळे धरले गेले. ही विभागणी नियमित झाली ती २००९च्या सिनेमांपासून. त्या वर्षी गाण्यांसाठी अमित त्रिवेदी ('देव डी') आणि पार्श्वसंगीतासाठी इलयाराजा ('केरळ वर्मा पळश्शी राजा') अशी दोन नावं जाहीर झाली. त्याच्या आदल्याच वर्षी 'जोगवा'साठी अजय-अतुल यांना मिळालेला पुरस्कार मात्र एकत्र संगीताचा होता. 'जीव रंगला'साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनाही त्याच वर्षी गायनाचे पुरस्कार मिळाले. संगीताच्या पुरस्कारात गाण्यांचा वाटा किती आणि पार्श्वसंगीताचा किती, हे नुसत्या यादीवरून सांगता येत नाही. अशा वर्षांची तुलना २००९ नंतरच्या वर्षांशी करू नका. शैलेंद्र बर्वे यांना 'संहिता'साठी मिळालेला पुरस्कार (२०१२) गाण्यांचा आहे, तेव्हा तिथे पार्श्वसंगीत तपासत बसण्यात अर्थ नाही.

फिल्मफेअरमध्ये पार्श्वसंगीताचा वेगळा पुरस्कार १९९८पासून आहे. पहिला विजू शाह यांना 'गुप्त'साठी मिळाला. त्याआधीचा 'सर्वोत्कृष्ट संगीतकार' हा व्यवहारात गाण्यांचाच पुरस्कार. 'शोले'तली संध्याकाळ आठवा: राधा एकेक दिवा मालवते आहे आणि जय माउथ ऑर्गन वाजवतो आहे. संवाद नाही, गाणं नाही, आणि दोन माणसांमधलं सगळं अंतर तेवढ्यात कळतं. १९७६ साली हे काम तोलायला फिल्मफेअरकडे तराजूच नव्हता. संगीताचा पुरस्कार 'ज्युली'च्या गाण्यांना, राजेश रोशन यांना गेला. 'शोले'ला मिळाला फक्त संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. इथे 'ज्युली'वर राग काढणं चूक आहे. ती गाणी त्या रकान्यात बसत होती.

हिंदी-मराठी सिनेमा असेल तर श्रेयनामावलीही वाचा. गाणी एकाची आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याचं असं सर्रास असतं. 'सत्या'ची (१९९८) गाणी विशाल भारद्वाज यांची आणि पार्श्वसंगीत संदीप चौटा यांचं, ज्यांना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. 'पाकीजा'ची बहुतेक गाणी गुलाम मोहम्मद यांची. ते १९६८मध्ये गेले आणि पार्श्वसंगीत नौशाद यांनी पूर्ण केलं. १९७३च्या फिल्मफेअरमध्ये संगीताचा पुरस्कार 'पाकीजा'ऐवजी 'बेईमान'ला गेला, तेव्हा प्राण यांनी 'बेईमान'साठीच मिळालेला आपला सहायक अभिनेत्याचा पुरस्कार नाकारला. तो निषेध गुलाम मोहम्मद यांच्या गाण्यांसाठी होता.

शर्यतीबाहेर कोण राहिलं ते शोधा

पुरस्कार सर्वोत्तमाला मिळाला का, या प्रश्नात 'कोणांमधून?' हा प्रश्न दडलेला आहे. ऑस्करच्या सध्याच्या नियमानुसार सिनेमातल्या एकूण संगीतापैकी निदान ३५ टक्के संगीत त्या सिनेमासाठी नव्यानं लिहिलेलं लागतं. मालिकेतला पुढचा भाग असेल तर ८० टक्के नवं हवं. हे टक्के एकूण संगीताचे आहेत, सिनेमाच्या लांबीचे नाहीत, आणि इथे हमखास गफलत होते. दोन तासांच्या सिनेमात ६० मिनिटं संगीत असेल तर त्यातली किमान २१ मिनिटं नवी हवीत. पूर्ण १२० मिनिटांवर हिशेब केलात तर आकडा दुप्पट येईल आणि निष्कर्ष चुकेल. शिवाय नियम बदलत असतात. २०२०च्या सिनेमांसाठी हीच मर्यादा ६० टक्के होती. त्या त्या वर्षाचा नियम पाहा.

या चाळणीतून मोठी कामं गळली आहेत. 'देअर विल बी ब्लड'साठी (२००७) जॉनी ग्रीनवुडनं स्वतःच्याच आधीच्या रचना वापरल्या होत्या, म्हणून तो बाद. 'बर्डमॅन'मधलं (२०१४) अंतोनिओ सांचेझचं जवळजवळ एकट्या ड्रमवरचं संगीत बाद, कारण सिनेमात शास्त्रीय पाश्चात्य रचनांचाही मोठा भाग होता. 'अरायव्हल'च्या (२०१६) सुरुवातीला आणि शेवटी माक्स रिश्टरची आधीची रचना वाजते, म्हणून योहान योहानसनचं बाकी सगळं काम बाहेर.

सगळ्यात बोलकं उदाहरण 'गॉडफादर'चं (१९७२). निनो रोटाचं नामांकन जाहीर होऊन मागे घेतलं गेलं, कारण त्यातली प्रेमाची धून त्यानं १९५८च्या 'फॉर्चुनेला'त वापरलेली होती. त्या वर्षी ऑस्कर गेलं चॅप्लिनच्या 'लाइमलाइट'ला. तो सिनेमा १९५२चा, पण लॉस एंजेलिसमध्ये १९७२ साली लागल्यामुळे पात्र ठरला. दोन वर्षांनी 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागाला, तीच धून असताना, संगीताचं ऑस्कर मिळालं. तेव्हा पाच नामांकनांच्या यादीखाली वहीत एक रकाना 'बाद झालेले' असा आखा आणि कारण लिहा. ऐकताना त्यातला निदान एक सिनेमा सहावा म्हणून घ्या.

मत कोण देतं?

ऑस्करची नामांकनं ते देणाऱ्या अकादमीच्या संगीत शाखेचे सदस्य ठरवतात. विजेता मात्र अकादमीचे सगळे सदस्य ठरवतात: अभिनेते, संकलक, वेशभूषाकार, निर्माते. म्हणून आमचा सल्ला असा की नामांकनांच्या यादीकडे व्यवसायातल्या लोकांची पसंती म्हणून पाहा आणि विजेत्याकडे 'सगळ्या सिनेमावाल्यांना त्या वर्षी आवडलेल्या सिनेमाचं संगीत' म्हणून. संगीतकार थॉमस न्यूमनला १५ नामांकनं मिळाली आणि ऑस्कर एकही नाही. त्याच्या शाखेनं त्याला पंधरा वेळा पुढे केलं, हीच त्यातली खरी माहिती आहे. अर्थात शाखेचा कानही चुकतो, 'व्हर्टिगो' आणि 'सायको' तिथेच राहिले. आणखी एक बदल लक्षात ठेवा: ९८व्या ऑस्करपासून (२०२५चे सिनेमे) त्या गटातले सगळे नामांकित सिनेमे पाहिल्याशिवाय अंतिम मत देता येत नाही. त्याआधी अशी अट नव्हती.

आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांची तऱ्हा वेगळी. आधी विभागवार परीक्षक मंडळं आणि मग केंद्रीय मंडळ, सगळी मोजक्या माणसांची. सिनेमे पाहिलेले असतात ही जमेची बाजू. पण इतक्या भाषांमधून एकच नाव काढायचं असतं, आणि परक्या भाषेचा सिनेमा सबटायटलं वाचत पाहताना कान अर्धाच मोकळा राहतो.

ऐकायची तयारी

टीव्हीच्या सेटिंगमधले नाइट मोड, संवाद ठळक करणारी सोय आणि कृत्रिम सराउंड हे तिन्ही बंद करा. ही साधनं संगीत दाबतात किंवा फुगवतात आणि मग आपण संगीतकाराऐवजी टीव्हीला गुण देत बसतो.

आवाज संवादावर जुळवा. शांत खोलीत बोललेला साधा संवाद तुमच्या बसायच्या जागी ६५ ते ७० डेसिबल भरेल असा ठेवा आणि प्रत्येक सिनेमाला तेवढाच ठेवा. ही पायरी गाळू नका. एक-दोन डेसिबलनं मोठं वाजलेलं संगीत जवळजवळ प्रत्येकाला 'जास्त भारी' वाटतं, आणि कारण विचारलं तर कुणीही 'मोठं होतं' असं सांगत नाही.

जुनी 'पाल' (PAL, भारत-युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) पद्धतीची डीव्हीडी असेल तर ती बाजूला ठेवा. तिच्यावर सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा बहुधा २५नं पळवलेला असतो. संगीत चार टक्क्यांनी जलद होतं, आणि स्वर सुधारून घेतलेला नसेल तर सा ते कोमल रे एवढ्या अंतराच्या दोन तृतीयांशाहून थोडा जास्त चढतो. गंभीर संगीत त्यानं उगाच चुणचुणीत वाटायला लागतं. ब्लू-रे किंवा चांगल्या प्रतीचं स्ट्रीमिंग घ्या.

आणि साउंडट्रॅकचा अल्बम सिनेमाआधी ऐकू नका. अल्बममध्ये तुकडे लांबवलेले, क्रम बदललेले आणि वर चढवून मिसळलेले असतात. अल्बम ऐकून मत देणं म्हणजे पोवाड्याचा नुसता कागद वाचून शाहिराला गुण देणं.

पहिली संध्याकाळ: घड्याळ आणि वही

सिनेमा पूर्वी पाहिलेला नसेल तर आधी एकदा नोंदी न करता पाहा. मग नोंदींसाठी पुन्हा लावा. संगीत सुरू झालं की वेळ, थांबलं की वेळ. प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या. समोर चार छोटे रकाने: सुरू कशावर झालं (नजर, दार, शब्द, कट), वाद्यं कोणती, वर संवाद आहे का, आणि संपलं कसं. शेवटचा रकाना लोक कोरा सोडतात, पण कसब तिथेच उघडं पडतं. सुरुवात कटवर टाकणं सोपं. कुणाला न कळता तुकडा संपवणं किंवा नेमक्या क्षणी तोडून शांतता अंगावर सोडणं अवघड.

पडद्यावरच्या रेडिओतून किंवा लग्नाच्या बँडमधून येणारं संगीत वेगळ्या खुणेनं लिहा. आधीच्या गाण्याची धून पार्श्वसंगीतात आली तर तीही वेगळी. हिंदी-मराठी सिनेमात हे फार महत्त्वाचं आहे. लोकप्रिय गाण्याची धून संथ बासरीवर आली की डोळे पाणावतात, पण ते श्रेय अर्धंअधिक गाण्याचं असतं. रात्री सगळी बेरीज करा: एकूण संगीत किती मिनिटं, त्यात नवं किती, गाण्यावर उभं किती.

दुसरी संध्याकाळ: तीन प्रसंग

वहीतून तीन प्रसंग निवडा: एक संवादाचा, एक बिनसंवादाचा आणि एक, जिथे संगीत असेल असं वाटत होतं पण नाही.

संवादाच्या प्रसंगात व्यंजनं स्पष्ट ऐकू येतात का पाहा. शब्द कळण्यासाठी साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झचा पट्टा मोकळा लागतो. वरच्या सप्तकातली व्हायोलिन, बासरी आणि झांजा नेमक्या तिथेच दाटी करतात. जाणता संगीतकार बोलण्याखाली चेलो, व्हिओला किंवा लांब धरलेले स्वर ठेवतो आणि हालचाल दोन वाक्यांमधल्या श्वासात करतो. बोलणं आलं की संगीत एकदम खाली जातं आणि थांबलं की उसळतं, असं जाणवलं तर ते मिक्सिंगच्या टेबलावर केलेलं सारवण असू शकतं. एकदम दोष देऊ नका. दुसऱ्या एका संवादात तेच होतं का ते पाहून मगच गुण कापा.

बिनसंवादाचा प्रसंग तीनदा पाहा. एकदा आहे तसा, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा चित्र बंद करून नुसता ऐकून. आवाज बंद केल्यावर प्रसंगातून काय गेलं ते एका वाक्यात लिहा. 'भीती गेली' एवढंच लिहावंसं वाटलं तर संगीतानं चित्रात दिसतं तेच पुन्हा सांगितलं. 'ती त्याला ओळखते हे कळेना' असं काही लिहावं लागलं तर संगीतानं कथेचा भाग उचललेला आहे. 'पथेर पांचाली'त दुर्गा गेल्याचं हरिहरला कळतं त्या क्षणी सर्वजयेचा टाहो ऐकूच येत नाही, त्याच्या जागी तारशहनाई पटदीपात आक्रोश करते. आवाज बंद करून हा प्रसंग पाहिला की वाद्यानं तिथे काय केलं आहे ते नीट कळतं.

मग अदलाबदल. चित्राचा आवाज बंद ठेवून दुसऱ्या नामांकित सिनेमाचा तशाच गतीचा तुकडा फोनवरून लावा. सावध राहा: कोणत्याही चित्रावर कोणतंही संगीत लावलं तरी मेंदू काहीतरी जुळवतोच, पहिल्या खेपेला तर हटकून. म्हणून तोच तुकडा पाच-पाच सेकंद पुढे-मागे करून तीनदा लावा. तिन्ही वेळा बरा बसला तर प्रसंगच सैल आहे, संगीताला तिथे फारसं काम नव्हतं. मूळ संगीतच बसतं आणि बाकीचं घसरतं, असं झालं तर पूर्ण गुण.

तिसरा प्रसंग शांततेचा. संगीत कुठे नको हे ठरवण्यातही संगीतकार आणि दिग्दर्शक दोघांचं डोकं असतं. मतदारांना मात्र न वाजलेलं ऐकू येत नाही, त्यामुळे कमी संगीत असलेले सिनेमे पुरस्कारांत मागे पडतात असं आमचं मत आहे. कार्टर बर्वेलनं 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'मध्ये (२००७) जवळजवळ न ऐकू येणारं संगीत ठेवलं. सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, संगीताच्या नामांकनांत तो नव्हता.

गुण

शंभरातले तीस जागेला द्या: कुठे सुरू, कुठे बंद. पंचवीस धाग्याला, म्हणजे सुरुवातीची धून शेवटपर्यंत कथेबरोबर बदलत जाते का. वीस संवादाशी असलेल्या वागणुकीला, पंधरा वाद्यांच्या निवडीला, दहा शांततेला. वाद्यवृंद किती मोठा होता याला शून्य. नव्वद वादकांचा खर्च निर्माता करतो, आणि 'सायको' तंतुवाद्यांवरच भागलं.

धाग्याचे गुण देताना सुरुवातीच्या धूनचे पहिले चार-पाच स्वर सरगममध्ये लिहून ठेवा आणि शेवटच्या वीस मिनिटांत ते कसे येतात ते तपासा. तसेच आले तर नुसती आठवण करून दिली. लय, वाद्य किंवा एखादा स्वर बदलून आले तर संगीतकारानं विचार केला.

शक्य असेल तर दोन-तीन जणांना सोबत घ्या, पण गुण आपापल्या वहीत द्या आणि चर्चा नंतर करा. आधी बोललं की सगळे सर्वांत ठाम बोलणाऱ्याच्या मागे जातात.

सारखेपणावरून कुणाला चोर ठरवायची घाई करू नका. संकलन करताना दृश्यावर तात्पुरतं म्हणून दुसरं एखादं संगीत लावलेलं असतं, त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. महिनोन्‌महिने तेच ऐकून दिग्दर्शकाला त्याची सवय होते आणि संगीतकाराकडे 'असंच काहीतरी' मागितलं जातं. '२००१: अ स्पेस ओडिसी'त (१९६८) तर ॲलेक्स नॉर्थनं लिहिलेलं संगीत बाजूला पडलं आणि दिग्दर्शकानं तात्पुरत्या लावलेल्या रचनाच कायम ठेवल्या. अशा वेळी 'धागा' आणि 'वाद्यं' यांचे गुण कापा, 'जागा'चे कापू नका.

सरावासाठी १९७६

पहिल्यांदा करताना चालू वर्ष घेऊ नका, प्रचाराचा गलका कानात असतो. १९७६च्या सिनेमांची ऑस्कर नामांकनांची यादी उत्तम आहे: हरमनचे 'टॅक्सी ड्रायव्हर' आणि 'ऑब्सेशन', जेरी गोल्डस्मिथचं 'द ओमेन', जेरी फील्डिंगचं 'द आउटलॉ जोसी वेल्स' आणि लालो शिफ्रिनचं 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड'. 'टॅक्सी ड्रायव्हर'चं ध्वनिमुद्रण संपवून हरमन २४ डिसेंबर १९७५ला गेला, म्हणजे दोन्ही नामांकनं मरणोत्तर. ऑस्कर मिळालं 'द ओमेन'ला, आणि गोल्डस्मिथचं तेही आयुष्यातलं एकमेव.

'द ओमेन' ऐकताना गायकवृंद कुठे अजिबात नाही ते टिपा. लॅटिनमधलं ते गायन डोळ्यांना न दिसणाऱ्याची हजेरी लावतं, आणि घरातल्या प्रेमळ प्रसंगांतली साधी धून त्याच्यापुढे हळूहळू हरत जाते. वाद्यं आणि धागा दोन्हींत भरघोस गुण पडतील. 'टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये सॅक्सोफोनवरची आळसावलेली, जवळजवळ लाडिक धून आणि खाली ब्रासचे (पितळी वाद्यांचे) दोन जड सूर, स्नेअर ड्रमची वाढत जाणारी थरथर, असे दोन थर आहेत. कोणत्या प्रसंगात कोणता थर वर येतो याची यादी करा. त्या यादीतून टॅक्सीवाल्याच्या डोक्यात काय चाललं आहे ते तो सांगायच्या आधीच कळतं. आमच्या तक्त्यात 'टॅक्सी ड्रायव्हर' जागेच्या गुणांवर पुढे जातं आणि 'द ओमेन' अगदी जवळ दुसरं राहतं. इतक्या कमी फरकाला आम्ही अन्याय म्हणणार नाही. 'सायको'ला नामांकनही न मिळणं हा मात्र अन्यायच होता. 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या अगदी शेवटी तीन स्वरांची एक खूण येते, ती 'सायको'तलीच आहे. तिची वेळही वहीत लिहून ठेवा.